क्रेडिट कार्ड रिजेक्ट झालं? दुसरीकडे अप्लाय करायच्या आधी हे करा, आणि याच क्रमाने

मी एका कंपनीत पेरोल बघतो, त्यामुळे कार्डासाठी सॅलरी स्लिप मागायला पोरं माझ्याच टेबलावर येतात आणि कार्ड रिजेक्ट झालं की परत तीच पोरं येतात. गोष्ट दर वेळी एकच. सकाळी 'वी रिग्रेट'चा मेसेज आला, जेवणाच्या सुट्टीत दुसऱ्या बँकेत अप्लाय, संध्याकाळी बसमध्ये बसून कुठल्यातरी अ‍ॅपवरनं तिसरीकडे, आणि रविवारी मॉलमधल्या स्टॉलवरचा मुलगा 'सर होऊन जाईल' म्हणाला म्हणून चौथीकडे. चारही ठिकाणी नकार. मग येऊन विचारतात, दादा, स्लिपमध्ये काही लोचा आहे का?

स्लिपमध्ये सहसा काही नसतं. पहिला नकार कशामुळे आला ते माहीत नसताना पुढचे तीन अर्ज केले, लोचा तिथे आहे. म्हणून खाली नुसत्या टिप्स न देता क्रम दिलाय. मधली पायरी गाळून पुढची केलीत तर बऱ्याचदा पहिल्यापासून करावं लागतं, आणि त्यात तीन-चार महिने जातात.

पायरी १: पहिला आठवडा काहीही अप्लाय करायचं नाही

तुम्ही कार्डाचा किंवा लोनचा अर्ज केला की बँक क्रेडिट ब्युरोकडून, म्हणजे सगळ्यांच्या कर्जा-हप्त्यांची नोंद ठेवणाऱ्या कंपनीकडून, तुमचा क्रेडिट रिपोर्ट मागवते आणि त्याची नोंद रिपोर्टमध्ये एन्क्वायरी म्हणून पडते, तारखेसकट, बँकेच्या नावासकट. पुढची बँक ती यादी बघते. पंधरा दिवसांत चार एन्क्वायऱ्या आणि त्यानंतर एकही नवीन खातं उघडलेलं नाही, म्हणजे चौघांनी नाही म्हटलंय हे तिला न सांगता कळतं. तुम्ही स्वतः स्वतःचा रिपोर्ट बघितलात तर त्याने स्कोअर कमी होत नाही, ती भीती काढून टाका, कितीही वेळा बघा.

या आठवड्यात एवढंच करायचं. अर्ज क्रमांक, अर्जाची तारीख आणि नकाराचा मेसेज एका जागी ठेवायचा, आणि फॉर्ममध्ये तुम्ही नेमकं काय भरलं होतं ते आठवून लिहून काढायचं: पगार किती लिहिला, कंपनीचं नाव काय लिहिलं, पत्ता कुठला दिला, कुठला मोबाईल नंबर. हे आत्ता फालतू वाटेल पण पायरी ४ ला हाच कागद लागतो, आणि महिनाभराने कुणाला काही आठवत नाही.

आधीच दोन-तीन ठिकाणी अर्ज टाकून बसला असाल तर ते मागे घ्यायच्या फंदात पडू नका, एन्क्वायरी पडून गेलेली असते. चालू आहेत ते चालू द्या, नवीन टाकू नका.

सावधान: 'फक्त एलिजिबिलिटी चेक करा' म्हणणारी बरीच अ‍ॅप्स असतात. खालची बारीक अक्षरातली टिक वाचा. त्यात रिपोर्ट काढायला आणि तो पार्टनर बँकांना द्यायला परवानगी लिहिलेली असेल तर मागे फिरा. आणि 'रिजेक्ट झालेलं कार्ड पास करून देतो' म्हणून फोन आला तर ओटीपी, पॅनचा फोटो, 'प्रोसेसिंग फी' यातलं काहीही द्यायचं नाही. नकार मिळाल्यावर अशा फोनची बरसात होते, का होते ते तुम्हीच समजून घ्या. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, दुसऱ्या दिवशीची वाट बघू नका.

पायरी २: कारण लेखी मागा

मेसेजमध्ये असतं 'आमच्या अंतर्गत धोरणानुसार आपला अर्ज मंजूर करता येत नाही'. यातून काहीच कळत नाही. पण रिझर्व्ह बँकेच्या कार्डांबद्दलच्या निर्देशांमध्ये स्पष्ट आहे की अर्ज नाकारला तर बँकेने नेमकं कारण लेखी कळवायचं. कस्टमर केअरला फोन करून भांडण्यापेक्षा एक ईमेल टाका. फोनवरची मुलगी तिच्या स्क्रीनवर जे दिसतं तेच वाचते आणि त्याचा पुरावा तुमच्याकडे राहत नाही.

मेल एवढाच पुरे, मराठीत टाका नाहीतर इंग्रजीत:

"माझा क्रेडिट कार्डाचा अर्ज क्रमांक अमुक, दिनांक अमुक, नाकारल्याचा संदेश मला अमुक तारखेला मिळाला. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार अर्ज नाकारण्याचं नेमकं कारण लेखी कळवावं. कारण क्रेडिट रिपोर्टशी संबंधित असल्यास कोणत्या ब्युरोचा रिपोर्ट पाहिला तेही कळवावं. या मेलचा तक्रार क्रमांक द्यावा."

शेवटची दोन वाक्यं लोक गाळतात. ब्युरोचं नाव कळलं तर तुमचं अर्धं काम वाचतं. तक्रार क्रमांक नसेल तर पुढे तुम्ही मेल केला होता हे सिद्ध करताना घाम फुटतो.

ब्रँचमध्ये ओळखीच्या साहेबांकडे जाऊन उपयोग आहे का? फारसा नाही. कार्डाचा निर्णय ब्रँचला होत नाही, साहेब चहा पाजतील आणि परत अप्लाय करा म्हणतील, ज्याने अजून एक एन्क्वायरी पडेल.

उत्तर आलं की त्याची भाषा ओळखता आली पाहिजे. 'ब्युरो' किंवा 'क्रेडिट हिस्टरी' हा शब्द असेल तर रिपोर्टात काहीतरी आहे. 'इनसफिशियंट हिस्टरी' असेल तर रिपोर्टात काहीच नाही, हा अगदी वेगळा आजार आहे. 'व्हेरिफिकेशन' किंवा 'डॉक्युमेंट' असेल तर कागद, फोन नाहीतर पत्ता. 'इन्कम क्रायटेरिया' किंवा 'ऑब्लिगेशन' असेल तर पगार आणि हप्ते यांचं गणित बसलेलं नाही. आणि 'लोकेशन' असेल तर त्या पिनकोडला ती बँक कार्डच देत नाही, तिथे तुमचा काही दोष नाही, सोडून द्या आणि वेगळी बँक बघा.

चेक: कारण आलं का? नसेल आलं तर थांबून राहू नका, पुढची पायरी समांतर चालू करा.

पायरी ३: चारही ब्युरोंचे रिपोर्ट काढा

आपल्याकडे सगळं 'सिबिल' म्हणतात, पण सिबिल चारांपैकी एक. बाकीचे तीन एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने प्रत्येकाने वर्षातनं एकदा स्कोअरसकट पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा, म्हणजे चार ठिकाणांहून वर्षाला चार रिपोर्ट एक रुपयाही न देता मिळतात.

सिबिलच्या साइटवर गेलात की पैसे भरायचे प्लॅन मोठ्या अक्षरात समोर येतात, फुकटवाली लिंक शोधावी लागते. पॅन आणि मोबाईल तयार ठेवा. एखाद्या जुन्या खात्याला जुना नंबर असेल तर ओळख पटवताना गाडी अडकते, जुने नंबर आठवून ठेवा.

पेमेंट अ‍ॅपमधला फुकट स्कोअर पुरत नाही का? नाही पुरत. तिथे आकडा दिसतो, आणि आकड्याने काही दुरुस्त होत नाही. तुम्हाला खात्याखात्याची यादी असलेली पूर्ण पीडीएफ पाहिजे. चार का, तर एखादी चूक एका ब्युरोत असते आणि दुसऱ्यात नसते, आणि बँकेने नेमका तोच बघितलेला असू शकतो.

पायरी ४: रिपोर्ट वाचा, स्कोअर शेवटी

इथे वेळ द्या, एक सुट्टीची दुपार. प्रिंट काढा, पेन घ्या. स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो आणि सगळे आधी तोच बघून एकतर खूश होतात नाहीतर खचतात. तो बाजूला ठेवा.

आधी नाव, जन्मतारीख, पॅन, पत्ते, फोन. आपल्या मराठी नावांची एक खास भानगड आहे. पॅनवर नाव-वडिलांचं नाव-आडनाव, गावच्या बँकेत आडनाव आधी, आधारवर वडिलांचं नावच नाही, आणि बाईमाणूस असेल तर लग्नाआधीचं एक नाव, नंतरचं एक, त्यात बँकेतलं कुणी बदललेलंच नाही. रिपोर्टात अशी दोन-तीन नावं दिसणं एकवेळ चालतं, पण ओळखीचा नसलेला पॅन, अनोळखी पत्ता किंवा चुकीची जन्मतारीख दिसली तर खूण करा, कारण बऱ्याचदा तिथनंच दुसऱ्याच माणसाचं कर्ज तुमच्या खात्यात घुसलेलं असतं. एकच नाव, एकच आडनाव आणि एकच तालुका असलेली माणसं आपल्याकडे थोडी नाहीत.

मग खाती. प्रत्येक खात्यासमोर स्वतःला विचारा, हे माझं आहे का? इथे दोन धक्के हमखास बसतात. पहिला म्हणजे दुकानात मोबाईल किंवा फ्रीज 'झिरो कॉस्ट'वर घेतलेला असतो, ते चक्क कर्ज असतं आणि शेवटचा हप्ता बाउन्स झालेला लक्षातच नसतो. दुसरा म्हणजे जामीन. आमच्याकडच्या एका पोराचा स्वतःचा एकही हप्ता थकलेला नव्हता, तरी दोन बँकांनी कार्ड नाकारलं. रिपोर्टच्या चौथ्या पानावर नागरी सहकारी बँकेचं ट्रॅक्टरचं कर्ज, आणि मालकीच्या रकान्यात 'गॅरंटर'. चुलत्याच्या ट्रॅक्टरला सही दिलेली, सहा वर्षांपूर्वी, चुलत्याच्या अंगणात, चहा पिता पिता. ऊस उशिरा तुटला म्हणून हप्ता थकला आणि रिपोर्ट ह्याचा लाल झाला. चुलता म्हणतो बँकेला मी बघून घेतो.

त्यानंतर प्रत्येक खात्याखालची महिन्यांची चौकट बघा. त्यात ०००, ०३०, ०६० असे आकडे असतात, ते त्या महिन्यात किती दिवस थकलं होतं ते. ०००, एसटीडी (म्हणजे स्टँडर्ड) किंवा एक्सएक्सएक्स दिसलं तर काळजी नाही, एक्सएक्सएक्स म्हणजे बँकेने त्या महिन्याची माहितीच दिलेली नाही. ०३० आणि वर दिसलं तर महिन्यावर गोल करा. ही चौकट ३६ महिन्यांची असते, त्यामुळे जुनी चूक मागे मागे सरकत जाऊन एक दिवस दिसेनाशी होते, पण पैसे भरले म्हणून ती लगेच पुसली जात नाही.

आणि खात्याची स्थिती. 'क्लोज्ड' उत्तम. 'सेटल्ड' (थोडे पैसे भरून मिटवलेलं) आणि 'रिटन ऑफ' (बँकेने बुडीत धरलेलं) हे दोन शब्द असतील तर बहुधा तुमचं उत्तर सापडलं.

शेवटी एन्क्वायऱ्यांची यादी. तुम्ही न केलेली एन्क्वायरी दिसली तर ती बारीक गोष्ट समजू नका. कुणीतरी तुमच्या पॅनवर कर्ज मागितलंय.

आता पायरी १ चा कागद काढा आणि ताडून बघा. कंत्राटी पोरांचं एक सांगतो कारण हे मी महिन्यातनं दोनदा बघतो. पोरगा चाकणच्या मोठ्या प्लांटमध्ये काम करतो, फॉर्ममध्ये कंपनी म्हणून प्लांटचं नाव टाकतो, पण सॅलरी स्लिप आणि पीएफ ठेकेदाराच्या नावाने. बँक व्हेरिफाय करायला जाते, प्लांटचा एचआर म्हणतो हा आमचा माणूस नाही. झालं, रिजेक्ट. खोटं कुणीच बोललेलं नसतं. स्लिपवर जे नाव आहे तेच फॉर्मवर लिहायचं, गेटवरच्या बोर्डावरचं नाही.

चेक: प्रिंटवर गोल केलेल्या सगळ्या जागांचे दोन गट करा, 'माझं नाही किंवा चुकीचं आहे' आणि 'खरं आहे'. पुढची पायरी दोघांना वेगवेगळी आहे.

पायरी ५: दुरुस्ती, ज्याचा आजार त्याचं औषध

*चुकीची नोंद असेल तर*

ब्युरोच्या साइटवर लॉगिन करून डिस्प्यूट, म्हणजे नोंद चुकीची असल्याची तक्रार, टाका. सिबिलमध्ये रिपोर्टवरचा कंट्रोल नंबर सांभाळून ठेवा, पत्रव्यवहारात तो लागतो. ब्युरो स्वतःहून काही बदलत नाही, ते त्या बँकेला विचारतात आणि बँक हो म्हणाली तरच बदल होतो. म्हणून एकाच दिवशी दोन कामं: ब्युरोकडे डिस्प्यूट आणि त्या बँकेला पुराव्यासकट मेल. नुसता डिस्प्यूट टाकून बसलात तर बँकेतला कुणीतरी 'रेकॉर्डप्रमाणे बरोबर आहे' असं टिक करून मोकळा होतो.

ऑक्टोबर २०२३ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने याला मुदत घातलीय आणि ती एप्रिल २०२४ पासून लागू आहे. तक्रार केल्यापासून ३० दिवसांत मिटली पाहिजे, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तुम्हाला. त्यातले २१ दिवस बँकेला आणि उरलेले ब्युरोला. तक्रार करताना खाते क्रमांक आणि कुठली नोंद चुकीची ते नीट लिहा. 'माझा सिबिल खराब आहे दुरुस्त करा' अशा तक्रारीवर कोण काय दुरुस्त करणार.

*खरी थकबाकी असेल तर*

भरा. पण कशी भरता ते महत्त्वाचं, आणि इथे मी स्वतः तोंड पोळून घेतलंय. मला एका बँकेने 'फ्री' म्हणून कार्ड दिलं होतं, दुसऱ्या वर्षी ४९९ ची फी लागली, जीएसटी धरून ५८८ रुपये ८२ पैसे. मी तोवर हडपसरहून वाकडला राहायला गेलो होतो, बिलं जुन्या पत्त्यावर, मेल स्पॅममध्ये. लेट फी आणि व्याज चढून आकडा सहा हजारांच्या वर गेला तेव्हा वसुलीवाल्याचा फोन आला, म्हणाला तीन हजार भरा, विषय संपवून टाकू. मी खूश, अर्ध्यात काम झालं म्हणून. विषय संपला नाही. रिपोर्टात 'सेटल्ड' पडलं आणि पुढची दोन वर्षं मला कुणी कार्ड देईना. शेवटी उरलेले पैसे स्वतःहून भरून नो ड्यूज, म्हणजे काही बाकी नसल्याचं सर्टिफिकेट, घेतलं आणि स्थिती बदलून घेतली.

तेव्हा क्रम असा. आधी बँकेकडून मेलवर लिहून घ्यायचं की अमुक रक्कम भरल्यावर काही बाकी राहणार नाही आणि ब्युरोला 'क्लोज्ड' म्हणून कळवलं जाईल. मग बँकेच्या खात्यात भरायचे, एजंटच्या यूपीआयवर नाही. मग नो ड्यूज सर्टिफिकेट. मग महिन्याभराने रिपोर्ट परत बघायचा. जानेवारी २०२५ पासून बँकांना निदान पंधरवड्याला तरी ब्युरोंना माहिती पाठवावी लागते, त्यामुळे पूर्वीसारखं महिनोन्महिने ताटकळावं लागत नाही.

फीच चुकीची लागली असेल तर भरायच्या आधी भांडा. आणि एकदोन दिवस उशीर झाला होता तरी थकीत दाखवलंय असं असेल तर, कार्डाचं खातं तीन दिवसांपेक्षा जास्त थकल्याशिवाय ब्युरोला 'थकीत' कळवता येत नाही, हा नियम मेलमध्ये लिहा.

जामीन असाल तर तुमच्या हातात फार नाही. मूळ कर्जदाराकडून हप्ते नियमित करून घेणं, किंवा बँक मान्य करत असेल तर दुसरा जामीनदार देऊन स्वतःला मोकळं करून घेणं. ते नातेवाइकांत कसं बोलायचं ते मी सांगू शकत नाही, त्याची स्टेप बाय स्टेप नसते.

*रिपोर्टात काहीच नसेल तर*

पहिली नोकरी, गृहिणी, किंवा ज्याने आयुष्यात उधारच घेतली नाही असा माणूस. स्कोअरच्या जागी −१ किंवा एनएच, म्हणजे 'नो हिस्टरी'. आपल्याकडे ही सद्गुणाची गोष्ट, बँकेला मात्र तुमच्याबद्दल काहीच माहीत नाही. शेतीवरच सगळं असलेल्यांचंही असंच होतं, ऊसाचे लाखो रुपये खात्यात येतात पण शेतीचं उत्पन्न करमुक्त म्हणून कुणी रिटर्नच भरलेलं नाही, मग दाखवायला कागद नाही.

याला सरळ उपाय एफडीवरचं कार्ड. बँकेत एफडी करायची, ती तारण राहते, तिचं व्याज चालू राहतं आणि तिच्या रकमेच्या आसपास किंवा थोडी कमी लिमिट मिळते. पगाराचा पुरावा सहसा मागत नाहीत. १५-२० हजारांची एफडी पुरते. यावर दर महिन्याला किराणा किंवा लाइटबिल एवढंच टाकायचं आणि पूर्ण बिल तारखेच्या आत भरायचं. 'मिनिमम ड्यू' भरायचं नाही, पूर्ण म्हणजे पूर्ण. सहा महिने झाले की स्कोअर तयार झालेला असतो.

काही जण स्कोअर बनवायला म्हणून अ‍ॅपवरनं पाच हजारांचं लोन घेतात. नका घेऊ. अशी चार छोटी कर्जं रिपोर्टात दिसली की बँकेला वाटतं ह्याचा महिनाअखेर निघत नाही.

*हप्ते जास्त असतील तर*

साधं गणित. हातात ३२,००० येतात. गाडीचा हप्ता ३,८००, मोबाईलचा २,२००, पर्सनल लोनचा ९,०००. झाले १५,०००, म्हणजे पगाराच्या सुमारे ४७ टक्के. साधारण ४०-५० टक्क्यांच्या वर गेलं की बँका कचरतात. इथे स्कोअर ७८० असला तरी नकार येतो आणि माणूस 'माझा स्कोअर तर भारी आहे' म्हणून चक्रावतो. मोबाईलचा हप्ता बंद करून टाका आणि मग अर्ज करा, दुसरा मार्ग नाही. फॉर्ममध्ये पगार फुगवून लिहिणं हा मार्ग तर नाहीच, स्टेटमेंटला सगळं दिसतं.

आधीचं एखादं कार्ड असेल आणि ५०,००० च्या लिमिटमधले ४५,००० दर महिन्याला वापरत असाल, पूर्ण भरत असलात तरी, रिपोर्टात तुम्ही कायम काठोकाठ दिसता. बिल बनायच्या आधीच मोठा भाग भरून टाका, वापर लिमिटच्या तिसऱ्या हिश्शाखाली दिसू द्या. आणि रागाच्या भरात जुनं कार्ड बंद करू नका, एकूण लिमिट कमी होते आणि तोच वापर जास्त दिसायला लागतो.

*कागद किंवा पत्ता*

पॅन, आधार आणि बँक खातं, तिन्हीकडे नाव एकसारखं करून घ्या. कंटाळवाणं आहे, एकदाच करायचंय. भाड्याने राहणाऱ्यांनी रजिस्टर्ड करारनामा हाताशी ठेवा. आधारवर गावचा पत्ता, 'मु. पो.' वाला, आणि राहायला पिंपरीत, अशा वेळी फॉर्ममध्ये चालू पत्ता आणि कायमचा पत्ता वेगवेगळे नीट भरा, घाईत 'दोन्ही सेम' वर टिक होते आणि मग कार्ड आणि व्हेरिफिकेशनवाला दोघंही गावी जातात.

पायरी ६: कुणी ऐकतच नसेल तर

बँकेला लेखी तक्रार, त्यांच्या वरच्या तक्रार अधिकाऱ्याला एक मेल, आणि ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटण्यासारखं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या ओम्बड्समनकडे, म्हणजे लोकपालाकडे. सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन या पोर्टलवर तक्रार टाकता येते, पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही, माहितीसाठी १४४४८ नंबर आहे. ब्युरोंविरुद्धची तक्रारही इथेच चालते.

सावधान: 'मला कार्ड दिलं नाही' ही तक्रार इथे टिकत नाही, कार्ड द्यायचं की नाही हा बँकेचा व्यवसायातला निर्णय. 'नेमकं कारण लेखी दिलं नाही' किंवा 'चुकीची नोंद दुरुस्त केली नाही' असं लिहा. एका वाक्याच्या फरकाने तक्रार आत जाते नाहीतर परत येते. आणि बँकेचं उत्तर आलेलं नसताना ३० दिवस व्हायच्या आधी टाकलीत तरी परत येते.

पायरी ७: थांबा, आणि मोजून थांबा

नुसतं व्हेरिफिकेशन किंवा कागदाचं कारण होतं तर दुरुस्ती झाली की महिना-दोन महिन्यांत परत करायला हरकत नाही, फक्त त्याच बँकेत करणार असाल तर किती दिवसांनी चालेल ते आधी विचारा, बऱ्याच बँका तीन ते सहा महिने नवीन अर्ज घेत नाहीत. रिपोर्टचं कारण होतं तर सहा महिने धरून चाला. सेटल्ड असेल तर त्याहून जास्त.

या काळात एकही हप्ता चुकू द्यायचा नाही. पगाराच्या दुसऱ्या दिवशी ऑटोपे लावा आणि खात्यात पैसे ठेवा, ऑटोपे बाउन्स झाला तर न लावलेला बरा होता म्हणायची वेळ येते.

पायरी ८: परत अर्ज, एकच

अर्जाच्या आदल्या दिवशी रिपोर्ट परत बघा, दुरुस्त्या खरंच दिसतायत का. वर्षाचा फुकटचा संपला असेल तर या एका वेळी पैसे देऊन काढा, इथे कंजुषी नको.

बँक कुठली? जिथे तुमचा पगार येतो किंवा एफडी आहे ती, कारण तुमचा हिशोब तिला आधीच माहीत असतो. तिच्या अ‍ॅपमध्ये तुमच्या नावाने 'प्री अप्रूव्ह्ड' दिसत असेल तर तेच घ्या, रंग आवडला नाही तरी. लाउंज आणि एअरमाइल्सचं कार्ड पहिल्या फटक्यात मागू नका, साधं कार्ड घ्या, वर्षाने अपग्रेड होतं.

फॉर्म भरताना समोर पॅन, ताजी सॅलरी स्लिप आणि आधार ठेवा आणि बघून बघून भरा, पाठ आहे म्हणून नको. ऑफिसच्या मेलवर आणि फोनवर व्हेरिफिकेशन येईल हे आपल्या एचआरला सांगून ठेवा. पुढचे आठ-दहा दिवस अनोळखी नंबर कट करायचे नाहीत. बँकांचे कॉल आता १६०० ने सुरू होणाऱ्या नंबरवरनं येतात, लोक स्पॅम समजून तेच ब्लॉक करून बसतात आणि अर्ज 'कस्टमर नॉट कॉन्टॅक्टेबल' म्हणून मरतो.

व्हिडिओ केवायसी, म्हणजे व्हिडिओ कॉलवरची ओळखपडताळणी, दिवसा, उजेडात, घरात बसून करा. कंपनीच्या बसमध्ये करणारा एक महाभाग आमच्याकडे आहे, तीनदा कट झाली. व्हीपीएन बंद, लोकेशन चालू, कोरा कागद आणि पेन हाताशी, सही पॅनवर आहे तशीच. आणि पॅन ओरिजिनल लागतं, झेरॉक्स नाही, मोबाईलमधला फोटो नाही. ते गावी आईच्या कपाटात असेल तर आधी ते आणा, अर्ज त्यानंतरच्या सोमवारी करा.